तुमची गोष्ट तुम्हीच सांगा

अमेरिकेतील लेखक जेसन रेनॉल्ड्स ९व्या वर्षी कविता लिहू लागले; पण पहिली कादंबरी पूर्ण वाचली ती १७व्या वर्षी. आपल्यासारखी मुले त्यांना पुस्तकांत भेटतच नव्हती. जानेवारी २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांना कुमारसाहित्याचे राष्ट्रीय दूत नेमले. तेव्हा ‘वाचा’ असा उपदेश करण्याऐवजी त्यांनी मुलांना ‘तुमची गोष्ट तुम्हीच सांगा’ असा आग्रह केला.

पालकहो, मुलांना ग्रंथालयात जरूर न्या. पण सोबत कोरी वहीही द्या. दादीच्या आठवणी, अब्बूंचे दुकान, घरातली बोली, हे सारे लिहिण्याजोगे आहे. आपल्या घरांची गोष्ट आपल्या मुलांनी लिहिली नाही, तर ती दुसरेच कोणी लिहितील. शुद्धलेखन मागाहून सुधारेल. मूल वाचून दाखवील, तेव्हा आधी मनापासून ऐका.