लेकरांच्या श्वासनळीचा डॉक्टर जिल्ह्याला हवा

या पानावर आपण एरवी पीकपाण्याचं बोलतो. आजचा विषय दवाखान्याचा आहे, पण सुरुवात भुईमुगापासूनच करावी लागते. शेंगा फोडायला बसलं की दाणे इकडंतिकडं सांडतात आणि घरातलं दीड-दोन वर्षांचं पोर त्यातला एक उचलून तोंडात टाकतं. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, दाणा चावला जात नाही. हसताना-रडताना श्वास आत ओढला की तो अन्ननळी सोडून श्वासनळीत उतरतो. लहान मुलांच्या श्वासनळीत अडकणाऱ्या वस्तूंत शेंगदाण्याचा नंबर फार वरचा आहे. चिंचोका, सीताफळाची बी, हरभरा, सुपारीचं खांड हे त्याचे भाऊबंद.

दाणा आत ओलाव्याने फुगतो आणि त्याच्या तेलाने नळीच्या अस्तराला सूज येते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेव्हॅलिए जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकांच्या घशातून आणि श्वासनळीतून दोन हजारांवर वस्तू काढल्या. त्या आजही तिथल्या म्यूटर संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. शेंगदाण्याने होणाऱ्या या दाहाला त्यांनी भुईमुगाच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे 'अरॅकिस'वरून, वेगळं नावच दिलं होतं. आपलं पीक डॉक्टरांच्या पुस्तकात असं गेलेलं आहे!

यात फसवं काय, ते नीट ध्यानात घ्या. आधी जोराचा ठसका लागतो, पोर लालबुंद होतं आणि थोड्या वेळाने शांत होतं. घरच्यांना वाटतं, गेला खाली. एक्स-रेत दाणा दिसत नाही. मग खोकला, ताप, छातीत एकाच बाजूला सूं-सूं आवाज सुरू होतो आणि न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात. माझ्या कामाच्या भागातल्या एका वस्तीवर असंच झालं. तीन आठवडे पोराला वाफ आणि इंजेक्शनं चालली. 'शेंगा खाताना ठसका लागला होता का?' हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि आईनेही आपणहून सांगितलं नाही. शेवटी मोठ्या शहरात अर्धा दाणा निघाला. पोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खेळायला लागलं, पण दावणीची गाभण गाय विकली गेली ती गेलीच.

आता तुम्ही म्हणाल, सिव्हिलला नाक-कान-घशाचे डॉक्टर असतात, ते काय करतात? त्यांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. हिशेब बघा. तुमच्या ठिबकची लॅटरल १६ मिलिमीटरची. नवजात बाळाच्या स्वरयंत्राखालची अरुंद जागा साधारण ४ ते ५ मिलिमीटरची. तिला आतून सगळ्या बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की ४ मिलिमीटरच्या नळीत २ मिलिमीटरच वाट उरते. म्हणजे वाट निम्मी झाली असं नव्हे. चार इंचीच्या जागी दोन इंची पाइप टाकला तर पाणी निम्मं येत नाही, त्याहून कितीतरी कमी येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोठ्या माणसाला तेवढ्याच सुजेने फार तर आवाज बसतो, बाळाचा जीव जातो. त्यात भूल देणारा आणि दुर्बीण घालणारा या दोघांना एकाच नळीतून काम करायचं असतं. चिमटा निसटला, दाणा फुटून दुसऱ्या बाजूला गेला, तर हातात मोजके क्षण असतात.

हे काम पुस्तक वाचून येत नाही, म्हणूनच फेलोशिप लागते. बारावीनंतर साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षं नाक-कान-घशाचं एमएस. इतकं झाल्यावर फक्त लहान मुलांच्या नाक-कान-घशासाठी आणखी एक किंवा दोन वर्षं मोठ्या केंद्रात राहायचं, याला फेलोशिप म्हणतात. आधी बघायचं, मग मदतनीस म्हणून उभं राहायचं, मग वरिष्ठांच्या नजरेखाली स्वतः करायचं आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवायची. जन्मतः अरुंद श्वासनळी, घशातल्या मस्सेवजा गाठी, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं, कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं, हे सगळं त्यात येतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात रॉबिन कॉटन यांनी बरगडीच्या कूर्चेचा तुकडा लावून बाळांची अरुंद श्वासनळी रुंद करण्याची शस्त्रक्रिया रुळवली आणि देशोदेशीचे डॉक्टर ती शिकायला तिथे जाऊन राहिले. कलम बांधणं जसं बांधणाऱ्याच्या शेजारी बसूनच येतं, तसंच हे.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्याशी फार जुळते. या शिक्षणाचा मोठा भाग कुणावर शस्त्रक्रिया करायची नाही, हे ओळखण्याचा असतो. तान्ह्या बाळाचा श्वास घेताना घशात घुर्र-घुर्र आवाज येतो, त्याचं सर्वांत मोठं कारण स्वरयंत्राचा मऊपणा. बहुतेक बाळांचा तो दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याच बाळांना शस्त्रक्रिया लागते. ती थोडी कोणती, हे शिकलेला डोळाच सांगतो. आम्हीसुद्धा किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय फवारू नका म्हणतो. ते सांगायला फवारा मारण्यापेक्षा जास्त अक्कल लागते. (ऐकत कुणी नाही, तो भाग वेगळा.)

सरकारी कामात एक खोड आहे, ती नोकरीत असूनही लिहितो. यंत्र घेतलं जातं, माणूस शिकवला जात नाही. माती तपासायची पेटी आली आणि वापरणाराच नाही म्हणून ती कपाटात धूळ खात पडली, हे मी पाहिलं आहे. उलटंही होतं. माणूस शिकून येतो आणि त्याच्या हातात साहित्य नसतं. मग तो शहरातल्या खाजगी दवाखान्यात जातो, त्यात नवल काय? आम्हाला प्रशिक्षणाला रामेतीत पाठवतात तेव्हा पगार चालू असतो. तसंच सिव्हिलच्या एका नाक-कान-घसा तज्ज्ञाला आणि एका भूलतज्ज्ञाला पूर्ण पगारावर शिकायला पाठवा. परत आल्यावर जिल्ह्यात ठरावीक वर्षं राहण्याचा बाँड घ्या आणि ते येण्याआधी लहान मुलांच्या मापाच्या दुर्बिणी-चिमट्यांचा संच तयार ठेवा. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ वेगवेगळ्या विषयांतले फेलोशिप अभ्यासक्रम चालवतं, म्हणजे ही वाट काही नवी नाही. प्रत्येक तालुक्याला असा डॉक्टर मागणं मला पटत नाही. आठवड्यात एखादंही पोर समोर येणार नसेल तर शिकलेला हातही बसतो. जिल्ह्याला एक जोडी पुरे. तालुक्याच्या डॉक्टरांनी वेळेत शंका घेऊन पोर पुढे पाठवावं, एवढं शिकलेलं असावं.

हीच जोडी ऐकू न येणाऱ्या मुलांच्याही कामी येईल. बाळाची श्रवण तपासणी १ महिन्याच्या आत, निदान ३ महिन्यांच्या आत आणि उपचार ६ महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असा दंडक आहे. आपल्याकडे पोर बोलत नाही हे कळायलाच तीन वर्षं जातात, कारण 'त्याचा बापही उशिराच बोलला' म्हणणारी आजी घरोघर आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी पोराला रानात नेऊ नका. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, मुंबईची अली यावर जंग संस्था ते काम पाहते. पण वय निघून गेल्यावर पैसा मिळून उपयोग होत नाही.

तोवर घरात काय करायचं? चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा नकोच, कूट द्या. ठसका लागलेलं पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालून चाचपडू नका. आवाजच फुटत नसेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीत ५ थापा आणि उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ दाब द्या. मोठ्या मुलाला पाठीत थापा, मग मागून धरून बेंबीच्या वर दाब. आलटून-पालटून करत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. ठसका थांबला तरी डॉक्टरला 'काय खाताना लागला' हे सांगायचंच.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंना एक विनंती. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या: 'जिल्हा रुग्णालयातील एक नाक-कान-घसा तज्ज्ञ व एक भूलतज्ज्ञ यांना बालरुग्णांच्या श्वासनळीच्या शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणास पाठवावे व लागणारे साहित्य जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून घ्यावे.' एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, एक आमदारांना, एक पालकमंत्र्यांना पाठवा. पोहोच घेऊन फाइलला लावा, म्हणजे पुढच्या सभेत विचारता येईल.