क्रीससचा कौल आणि तुरीचे तास

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मोताळ्यात कोणी कोणास भेटो, पहिला प्रश्न ठरलेला असतो : भेंडवळ काय म्हणते? पूर्णेपलीकडच्या, जळगाव जामोद तालुक्यातील त्या गावी आदल्या सायंकाळी शेतात घट आखून, मध्यभागी मातीची ढेकळे व पाण्याची घागर आणि भोवताली अठरा प्रकारची धान्ये मांडायची, व रातोरात त्यांत जे हलले वा विखुरले त्यावरून पहाटे पावसापाण्याचे भाकीत वर्तवायचे, ही परिपाठी चंद्रभान महाराजांपासून सुमारे साडेतीनशे वर्षे चालत आली, असे सांगतात. पुरावा म्हणून या भाकिताचे मोल मी कवडीइतकेही मानीत नाही. परंतु ते ऐकून आमचा शेतकरी पुढे काय करतो, हे पाहण्याजोगे आहे.

लिडियाचा राजा क्रीसस याने डेल्फीच्या देवस्थानी कौल लावला असता, तू इराण्यांवर चाल करून गेलास तर एक मोठे साम्राज्य लयास जाईल, असे उत्तर मिळाले, ही कथा हिरोडोटसने सांगितली आहे. साम्राज्य अर्थातच इराण्यांचे, असे गृहीत धरून क्रीससने आपले सर्वस्व त्या एका अर्थावर लावले, आणि इ. स. पूर्व ५४६ च्या सुमारास सार्डिस पडून लयास गेले ते त्याचेच. मोताळ्याचा कुणबी भेंडवळची वार्ता श्रद्धेने ऐकतो, मान डोलावतो, आणि मृगात सोयाबीन किंवा कपाशी पेरताना मध्ये तुरीचे तास धरायला मात्र विसरत नाही. पाऊस उघडला तरी खोल मुळांची तूर तग धरील, हा त्याचा हिशेब.

याच क्रीससने आपला खजिना दाखवून जगात सर्वांत सुखी कोण, असे विचारले, तेव्हा सोलोनने टेलस नावाच्या एका साध्या अथेन्सवासीयाचे नाव घेतले, व अखेर पाहिल्यावाचून कोणास सुखी म्हणू नये, असे बजावले. (दोघांच्या काळाचा मेळ बसत नाही, ही शंका प्लूटार्कलाही ठाऊक होती, तरी इतकी चांगली गोष्ट सोडण्यास तो राजी नव्हता, आणि मीही नाही.) आमचे महसूल खातेही या बाबतीत सोलोनचेच अनुयायी म्हणावे : आधी पिकाच्या उताऱ्याची नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि वर्षअखेरीस अंतिम.

अ‍ॅरिस्टॉटलला मात्र हे पुरेसे वाटले नाही. सुख हे कर्मात असेल, तर ते ठरविण्यास मरणाची वाट पाहणे विपरीत होय. मिळेल त्या कातड्याचा उत्तम जोडा जसा कसबी चांभार शिवतो, तसे सुजाण मनुष्य प्राप्त परिस्थितीचे सोने करतो, असे त्याचे म्हणणे. मला तुरीच्या तासांत हेच कसब दिसते. पण तोच अ‍ॅरिस्टॉटल असेही कबूल करतो की, ट्रॉयच्या वृद्ध प्रायमसारखे आघात ज्याच्यावर कोसळले, त्याला कोणी सुखी म्हणणार नाही. तेव्हा दुबार पेरणी करूनही हात रिकामे राहिलेला जो मनुष्य, पैसेवारी ५० पैशांच्या आत धरावी म्हणून तहसील कचेरीत अर्ज घेऊन उभा आहे, त्याला ग्रीकांचे नाव घेऊन समाधानाचे पाठ देणाऱ्यांनी अंमळ थांबावे. त्याच्या पदरी आधी महसुलाची सूट, कर्जवसुलीची तहकुबी आणि पोराच्या परीक्षा शुल्काची माफी पडू द्यावी.