कोरा रकाना शून्य नसतो

थंडीच्या दिवसांत निफाडचा पारा किती उतरला, हे राज्यभरची वर्तमानपत्रे छापतात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली ही नोंद. कडाका वाढला की ती चार-पाच अंशांच्याही खाली जाते आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. समजा, या नोंदींच्या फाइलमध्ये एका दिवसाचा रकाना कोरा राहिला आणि प्रोग्रामने तो शून्य धरला. हंगामातले सर्वांत कमी तापमान शून्य अंश, असा निकाल येईल. मुंबईची फाइल असती तर ही चूक कोणाच्याही लगेच लक्षात आली असती. निफाडच्या बाबतीत मात्र ती खरी वाटेल आणि तशीच पुढे जाईल.

संगणकशास्त्राच्या पदवीधराला काय यायला हवे, याची चर्चा आपल्याकडे भाषांच्या यादीवर संपते: सी, जावा, पायथन. कोड लिहून देणारी यंत्रे आता मोबाइलवर आली आहेत. चाळीस ओळी लिहिता येण्याचे मोल त्यामुळे उतरले. त्या चाळीस ओळी बरोबर आहेत का, हे छातीठोकपणे सांगता येण्याचे वाढले. पुणे विद्यापीठाचा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी डेटाबेसच्या तासाला ‘नल’ म्हणजे कोरा रकाना शिकतो, त्याची व्याख्याही त्याला पाठ असते. पण आकड्यावर संशय घ्यायचा, मूळ नोंदवही मागायची, नोंद करणाऱ्याला जाऊन विचारायचे, ही सवय त्याला कोण लावतो? प्रात्यक्षिकाच्या स्लिपा आणि त्यांची उत्तरे आधीच हातात असतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बहुधा ग्रंथालयाचा नाहीतर रुग्णालयाचा, आणि पुष्कळदा विकत घेतलेला.

याच निफाड तालुक्यात लासलगावची बाजार समिती आहे. तिथे रोज कांद्याचा किमान, कमाल आणि सरासरी भाव जाहीर होतो. दहा क्विंटल कांदा दोन हजारांनी गेला आणि नव्वद क्विंटल हजाराने, तर दोन भावांची बेरीज करून निम्मे केल्यावर दीड हजार येतात. वजन धरून हिशेब केला तर अकराशे. क्विंटलमागे चारशे रुपयांचा हा फरक आहे. संख्याशास्त्र प्रथम वर्षालाच शिकवले जाते. तरी ‘सरासरी म्हणजे नेमकी कोणती?’ हे कोड लिहिण्याआधी विचारणारा विद्यार्थी विरळा.

द्राक्षाचे काम याहून नाजूक. युरोपला जाणाऱ्या मालासाठी कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंदणी होते, प्लॉटमधून नमुना घेतला जातो, औषधांच्या अंशांचा प्रयोगशाळेचा अहवाल येतो आणि मगच माल पुढे सरकतो. आता एखाद्याने अशा प्रणालीची टेबले मांडताना प्लॉटऐवजी शेतकऱ्याचे नाव आधाराला धरले, तर एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटांपैकी एकाचा अहवाल दुसऱ्याला चिकटेल. प्रोग्राम बिनतक्रार चालेल आणि दोष बंदरावर उघड होईल. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट या औषधाच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा या भागाने केवढे नुकसान सोसले! ते प्रकरण औषधाचे होते, संगणकाचे नव्हते. पण कंटेनर परत फिरला की घर कसे बसते, हे इथल्या मुलांनी पाहिले आहे. त्यांना या विषयाचे गांभीर्य वेगळे शिकवावे लागणार नाही.

पुण्या-बंगळुरूच्या नोकरीसाठी हे सारे गावठी आहे, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते मान्य नाही. बँकेच्या खात्यातही कोरे रकाने असतात, विमा कंपनीतही सरासरीचे घोटाळे होतात. लोकांच्या तोंडचा विस्कळीत व्यवहार ऐकून तो टेबलांत नीट बसवणे, दुसऱ्याचा कोड वाचणे, त्यातली चूक शोधणे आणि ती साध्या भाषेत समजावणे, हे ज्याला जमते तो कुठेही उभा राहतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक दिले आहेत. निफाड-पिंपळगाव परिसरातल्या महाविद्यालयांनी ते प्रमाणपत्रांवर वाया घालवू नयेत. बाजार समिती, संशोधन केंद्र आणि द्राक्षांचे पॅकहाउस यांच्याकडून खऱ्या, तुटक्या, चुकांनी भरलेल्या नोंदी मागून घ्याव्यात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक गटापुढे ठेवाव्यात. तोंडी परीक्षेला परीक्षकासोबत त्या नोंदी रोज हाताळणारा एक माणूस बसवावा, आणि त्याच्या प्रश्नांनाही गुण ठेवावेत.