रस्ता झाला की नाही?

वाद तापला की कोणीतरी समजूतदारपणे म्हणतं, 'जाऊ द्या हो, ज्याचं त्याचं सत्य असतं.' मतांपुरतं ते ठीक. कर किती असावा, अनुदान कोणाला द्यावं, यावर खुशाल भांडा. पण गावातली विहीर खोदली गेली की नाही, यात ज्याचं त्याचं काही नसतं. तेवढं तरी हातचं सोडू नका, ही विनंती.

कारण वस्तुस्थिती कोणाच्या म्हणण्यावर अवलंबून नसते, म्हणूनच गरिबाला सत्तेपुढे उभं राहता येतं. ती नाहीच म्हटलं, की उरतो आवाज. मोठा आवाज कोणाचा असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाई भरवली. केलं काय, तर सरकारी कामांचे मस्टर आणि बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली. कामावर कधी न गेलेल्यांची नावं हजेरीत निघाली. कागद खरा की खोटा, हे ठरवायला कोणा पंडिताची गरज पडली नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गावातच होते. असे कागद पाहण्याचा हक्क मिळावा म्हणून १९९६ साली याच संघटनेनं ब्यावरला धरणं धरलं. २००५ मध्ये देशभरासाठी माहितीचा अधिकार आला, त्यामागे ही धडपड होती.

नाझी जर्मनीतून निसटलेल्या हॅना आरेंट यांनी १९६७ च्या एका निबंधात बजावलं होतं की, घडलेल्या गोष्टींची खात्रीच नसेल, तर मतस्वातंत्र्य हे निव्वळ सोंग ठरतं.

वास्तव आहे, म्हणजे ते मला पुरतं कळलंय, असं मात्र नाही. 'सत्य फक्त आमच्याकडे' म्हणणाऱ्यांनीही जगात कमी छळ केलेला नाही. म्हणून मोजायला सगळ्यांना बोलवावं, आपली मोजणी चुकली तर ती दुरुस्त करू द्यावी.

माहिती अधिकार कायद्यात सरकारी काम प्रत्यक्ष पाहण्याची, टिपणं घेण्याची, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचीही सोय आहे. हे फारसं कोणी वापरत नाही, असं आपलं मला वाटतं. पुढच्या ग्रामसभेत 'रस्ता झाला' असं कोणी म्हणालं, तर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मागा, चार जण टेप घेऊन जा. आणि सुरुवात तुम्ही ज्याला मत दिलंत, त्याच्या कामापासून करा.