दुसऱ्याच्या विहिरीवरचा मळा



दर आठवड्याला आपण खत, बियाणे, कीड-रोग यांवर बोलतो. आज मात्र परदेशातल्या एका खेडेगावच्या फुटबॉल संघाची हकिगत सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांना आज झाले तरी काय? पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या गावात तालीम, भजनी मंडळ, दूध सोसायटी असे चार माणसांनी मिळून चालवलेले काही असेल, तर ही हकिगत तुमच्याही कामाची आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर, स्कॉटलंडच्या बाजूला, ग्रेटना नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम तीन हजार. पहिल्या महायुद्धात तेथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना निघाला, त्याच्या कामगारांसाठी हे गाव वसवले गेले. शेजारचे ग्रेटना ग्रीन त्याहून जुने. इंग्लंडमध्ये 1754 साली लग्नाचा कायदा कडक झाला. तेव्हापासून घरच्यांचा विरोध असलेली जोडपी सीमा ओलांडून तेथे येत आणि लोहाराच्या ऐरणीपुढे लग्न लावून घेत.

दुसरे महायुद्ध संपल्यावर, 1946 साली, ग्रेटनात फुटबॉल क्लब निघाला. रेडेल पार्क हे त्याचे मैदान. इंग्लंड हाकेच्या अंतरावर, म्हणून हा स्कॉटिश संघ वर्षानुवर्षे इंग्लंडच्या स्थानिक स्पर्धांत खेळला. नाव फार मोठे नव्हते, पण अंथरूण पाहून पाय पसरणारा संघ होता.

2002 साली स्कॉटलंडच्या लीगमधला एक जुना क्लब दिवाळ्यात निघाला आणि एक जागा रिकामी झाली. ती ग्रेटनाला मिळाली. त्याच सुमारास ब्रुक्स माइल्सन नावाचे एक धनवान इंग्रज उद्योजक संघाच्या पाठीशी उभे राहिले. माणूस दिलदार. त्यांनी चांगल्या पगारावर चांगले खेळाडू आणले. मग काय विचारता! लीगच्या चार पायऱ्यांपैकी सर्वांत खालची पायरी त्यांनी 2005 साली 130 गोल करून जिंकली. 2006 साली त्याच्या वरची, 2007 साली त्याच्याही वरची. तीन वर्षांत तीन बढत्या!

मे 2006 मध्ये तर कमाल झाली. स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात ग्रेटनासमोर हार्ट्स हा एडिंबरोचा बलाढ्य संघ होता. प्रेक्षक 51 हजारांवर, म्हणजे अख्ख्या गावाच्या सुमारे सतरा पट. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. शेवटी पेनल्टीवर ग्रेटना 4-2 असे हरले. पण त्या दिवशी हरूनही गावाची मान ताठच राहिली.

आता पुढचे ऐका. सर्वांत वरच्या लीगच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे मैदानात सहा हजार प्रेक्षकांची बैठक हवी होती. रेडेल पार्क त्यात बसेना. म्हणून घरचे सामनेही शंभर किलोमीटरपेक्षा लांब, मदरवेल गावच्या मैदानावर खेळावे लागले. एका सामन्याला अवघे 431 प्रेक्षक आले. तिकिटाच्या पैशातून पगार भागणे शक्यच नव्हते. सारा भार एका माणसाच्या खिशावर.

2008 च्या फेब्रुवारीत माइल्सन आजारी पडले आणि पैशाचा झरा आटला. मार्चमध्ये क्लबवर प्रशासक आला, दहा गुण कापले गेले, पगार थकले. लीगने पैसे आगाऊ दिले म्हणून उरलेले सामने तरी पार पडले. शेवटच्या सामन्यात याच संघाने त्याच हार्ट्सला 1-0 असे हरवले! पण उपयोग काय? ऑगस्टमध्ये क्लब कायमचा मोडीत निघाला. लीगमधली त्याची जागा शेजारच्या ॲनन गावच्या संघाला मिळाली. नोव्हेंबरमध्ये माइल्सनही वारले.

मंडळी, त्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याने दिले ते प्रेमाने दिले, आणि 2006 चा तो दिवस गावाला दुसऱ्या कोणी दिला नसता. पण विहीर पाहायला गेलो की मी मालकाला आधी विचारतो, चैत्रात किती परस पाणी राहते? श्रावणात भरलेली विहीर पाहून कोणी ऊस लावत नाही. ग्रेटनाने तोच ऊस लावला, आणि तोही दुसऱ्याच्या विहिरीवर.

म्हणून एवढेच सांगतो. कोणी दाता भेटला तर त्याला नाही म्हणू नका. त्याचा पैसा इमारत, विहीर, बांध अशा टिकाऊ कामाला लावा. रोजचा खर्च मात्र आपल्या वर्गणीतूनच भागला पाहिजे. आणि दर वर्षी सभेत एक प्रश्न न लाजता विचारा : उद्या हा माणूस नसला तर?

ग्रेटनाची गोष्ट येथे संपत नाही, हे विशेष. त्याच वर्षी समर्थकांनी एकत्र येऊन नवा क्लब काढला. त्याचे नाव 'ग्रेटना 2008'. पुन्हा खालच्या लीगपासून सुरुवात. आधी ॲननमध्ये खेळले, 2010 साली आपल्या रेडेल पार्कवर परतले आणि 2013 साली निघालेल्या लोलँड लीगच्या पहिल्या संघांत त्यांनी जागा मिळवली. या वेळी 51 हजारांची गर्दी नाही. पण विहीर घरची आहे.

उसाचे पाचट जाळले तरी बुडखा जमिनीत जिवंत असेल तर खोडवा फुटतोच. तुमच्या संस्थेचा बुडखा कोठे आहे, ते या आठवड्यात घरच्यांशी बसून जरूर बोला.

पुढच्या खेपेला बीजप्रक्रियेविषयी.