पुस्तक मिटा, अभ्यास सुरू!



‘बाई, धडा चार वेळा वाचला, तरी पेपरात काही म्हणता काही आठवलं नाही!’ हायस्कुलात गेलेली माझी जुनी मुलं भेटली, की हे रडगाणं हमखास ऐकायला मिळतं. त्यातलं एखादं हळूच म्हणतं, ‘माझं डोकंच चालत नाही.’ नाही रे बाबा! डोकं छान आहे, चुकते ती पद्धत.

चौथ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो आणि आपल्याला वाटतं, आला! पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. रोज दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव विचारलं की आपण गप्प. परीक्षेत पुस्तक समोर नसतं. तिथं सगळं डोक्यातून बाहेर काढावं लागतं. मग सरावही त्याचाच करायला नको का?

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी दोन उतारे वाचायला दिले. नंतर एक उतारा पुन्हा वाचायचा, दुसरा न बघता आठवेल तेवढा लिहायचा. पाच मिनिटांनी ज्यांची परीक्षा झाली, त्यांना पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. पण ज्यांची परीक्षा आठवड्याने झाली, त्यांना वाचलेला आठवला ४२ टक्के आणि लिहून पाहिलेला ५६ टक्के!

तर असं करा. धडा एकदा नीट समजून वाचा. समजला नसेल तर आधी सरांना, बाईंना विचारा. मग पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. सनावळी, सूत्रं, आकृत्या, सगळं. आता पुस्तक उघडा आणि राहिलेलं लाल पेनानं भरा. जेवढं लाल, तेवढाच उद्याचा अभ्यास! दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नवा कागद घ्या.

पहिल्या दिवशी अर्धा कागद कोरा राहील. घाबरू नका. आठवताना होणारी ती ओढाताण म्हणजेच खरा अभ्यास. आणि ही युक्ती काही नवी नाही हं! तिसरीत पाढे तुम्ही असेच, न बघता म्हणून पाठ केलेत. वरच्या वर्गात गेल्यावर तेवढी सवय सुटली.

आज एकच धडा घ्या. कागदावर तारीख टाकून तो जपून ठेवा. आठवड्यानंतरच्या कागदावर लाल शाई किती उरली, ते मग तुम्हीच पाहा!