गिरणीची जागा सोन्याची, कामगाराची वाट वांगणीची



मुंबईत घर परवडत नाही, अशी ओरड आज सगळेच करतात. पण ही जागा महाग झाली कुणाच्या घामावर, आणि महाग झाल्यावर बाहेर फेकलं गेलं कोण? हा सवाल आपणच करायला हवा.

लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, शिवडी. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस इथं आला आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाळीनं झोपला. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाल्यानं पाठ टेकायची. १९४७ च्या भाडे कायद्यानं जुनी भाडी १९४० च्या दरावर बांधली, म्हणून तुटपुंज्या पगारात संसार तगला. त्याचा फायदा एकट्या भाडोत्र्याला झाला असं कुणी म्हणू नये. भाडं कमी, म्हणून कमी मजुरीत गिरणीमालकाचंही भागलं!

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि कापडापेक्षा जमिनीला भाव आला. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये सरकारनं नियम फिरवला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची. जिथं शेड उभी होती ती जमीन वाटणीतून वगळली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. वाटायची ठरली भाकरी, आणि पानात पडला नुसता पापुद्रा.

मुंबईतल्या गिरण्यांच्या जागेवरच्या घरांच्या सोडती २०१२, २०१६ आणि २०२० मध्ये निघाल्या. घर २२५ चौरस फुटांचं. किंमत आधी साडेसात लाख, मग साडेनऊ लाख. तिन्ही मिळून घरं साडेतेरा हजारांच्या आत, आणि अर्ज दीड लाखाच्या वर. मग उरलेल्यांनी काय करायचं? तर म्हणे वांगणीला जा, शेलूला जा. बदलापूरच्याही पुढं!

कुणी म्हणेल, स्वस्तात मिळतंय तर घ्या की. अरे, पण पोराची नोकरी इथं, सुनेचं काम इथं, म्हाताऱ्याचं के.ई.एम. इथं. लोकलमध्ये जाणारे रोजचे तास हिशेबात धरा, मग सांगा घर स्वस्त की महाग. शिरगणतीच बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. गिरणगावात टॉवर वाढले आणि माणसं घटली. हे आपोआप घडलं नाही, घडवलं गेलं.

आपली मागणी सरळ आहे. मुंबईतल्या गिरण्यांची आणि सरकारची जी जागा अजून शिल्लक आहे, तिच्यावर पहिला हक्क गिरणी कामगाराचा आणि त्याच्या वारसाचा. मराठी असो, तेलुगू असो, उत्तरेकडचा असो, जो गिरणीत राबला त्या प्रत्येकाचा. ज्याला लांबचं घर चालतं त्यानं खुशाल घ्यावं. पण जो नको म्हणेल त्याचा हक्क बुडता कामा नये.

१ मे १९६० ला मुंबई महाराष्ट्रात आली, त्यासाठी याच वस्तीनं गोळ्या झेलल्या. त्या मुंबईत कामगाराला दोन खोल्या मागायला लाज कसली? अर्जाची पावती जपून ठेवा, चाळीचाळीत सभा घ्या, आणि मत मागायला येईल त्याला आधी जमिनीचा हिशेब विचारा!